धनत्रयोदशी, बार्बिकन, दिवे बंद

तारीख २२ ऑक्टोबर २०२२, शनिवार, धनत्रयोदशी. तुम्ही लंडनच्या वायव्येला, हॅरोमध्ये बहिणीकडे उतरला आहात. खऱ्या आयुष्यात हॅरोला तुमची बहीण नसेलही. आज रात्रीपुरती आहे असं धरून चला. तिनं यमदीपासाठी कणकेचा दिवा केलाय, आणि दक्षिण नेमकी कुठली यावरून भावोजी आणि त्यांच्या फोनमधलं होकायंत्र यांचं काही केल्या जमत नाहीये. टीव्हीवर बातम्या चालू आहेत. लिझ ट्रस जेमतेम दीड महिना पंतप्रधानपदी राहून परवा राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या, त्यांच्याशी शर्यत लावलेला एका टॅब्लॉइडचा लेट्यूसचा गड्डा जिंकला, आणि बोरिस जॉन्सन कॅरिबियनमधली सुट्टी अर्धवट टाकून आज सकाळीच परतलेत. सोमवारी, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ऋषी सुनक यांचं नाव पक्कं होणार आहे. तुम्हाला ते माहीत आहे, कारण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. पण बोलू नका. उद्या सकाळी नऊला मेलबर्नहून भारत-पाकिस्तान सामना लागेल. त्याबद्दल तर तोंडातून अवाक्षर नको. कोहलीचं नुसतं नाव काढलंत तरी भावोजी तुम्हाला जन्मभर माफ करणार नाहीत.

भाचा जिन्यात उभा राहून बूट चढवतोय. तो तुम्हाला मामा म्हणतो की मावशी, ते तुमचं तुम्ही ठरवा. तिकिटं त्यानं काढली आहेत.

"कोण आहे म्हणालास?" भावोजी विचारतात.

"ऑटेकर."

"आपल्यातले का?"

कोणी हसत नाही. हा विनोद या घरात याआधी होऊन गेलेला दिसतो.

बहीण मात्र गंभीर आहे. "आज दिवे लावायचा दिवस, आणि तुम्ही पैसे मोजून काळोखात बसायला निघालात." तिला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे.

हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइन थेट बार्बिकनला जाते, मध्ये गाडी बदलायला नको. गाडीत भाचा तुम्हाला तयार करतो. ऑटेकर म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीत करणारे शॉन बूथ आणि रॉब ब्राउन, दोघंच. १९८७ च्या सुमाराला भिंतींवर ग्राफिटी रंगवणाऱ्या पोरांच्या टोळक्यात ओळख झाली, टेपची अदलाबदल सुरू झाली, तेव्हापासून एकत्र. गाव मँचेस्टरजवळचं रॉशडेल.

इथं तुमचे कान टवकारतात. रॉशडेल! महाराष्ट्रात ज्यानं सहकाराचं पुस्तक उघडलंय त्याला हे गाव माहीत असतं. १८४४ साली अठ्ठावीस जणांनी, त्यांतले बरेचसे विणकर, टोड लेनवर दुकान काढलं आणि लोणी, साखर, पीठ, ओटमील, मेणबत्त्या विकायला ठेवल्या. आपल्याकडच्या साखर कारखान्यापासून पतपेढीपर्यंत सगळ्यांची वंशावळ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत त्या दुकानापाशी जाऊन थांबते. तुम्ही हे भाच्याला मोठ्या उत्साहानं सांगता. तो "हो का" म्हणतो आणि पुढच्या सूचनेकडे वळतो: फोन बंद करायचा, सायलेंटवर नाही, बंद.

"तोंड झाकून येतात का रे ते?" तुम्ही विचारता. चेहरा लपवणारे इलेक्ट्रॉनिक कलाकार तुम्ही ऐकून आहात: हेल्मेट, मुखवटे, भलतीच नावं.

नाही. यांची नावं उघड, फोटो उघड. मुलाखतीत विचारलं तर कुठलं यंत्र वापरलं, कुठलं सॉफ्टवेअर वापरलं, सगळं सांगतात. गूढ म्हणायचं ते वेगळ्याच जागी आहे. मुखवट्यातलं गूढ एका फोटोनं संपतं. मुखवटा निघाला की आत बहुधा कोणीतरी साधासुधा गृहस्थ निघतो. या दोघांबद्दल सगळं वाचून झाल्यावरही रेकॉर्ड लावली की तुम्ही होतात तिथंच असता. गाण्यांची नावं वाचताना वाटतं की कीबोर्डवरून मांजर गेलं असावं. १९९३ चा 'इन्क्यूनाब्युला' हा आल्बम ऐकणाऱ्याला निदान धून सापडते, कुठं पाय ठेवायचा ते कळतं. २००१ च्या 'कॉनफील्ड'पर्यंत येता येता ती जमीनच गेलेली असते. २०१८ मध्ये लंडनच्या एनटीएस रेडिओनं बोलावलं तर यांनी आठ तासांचं संगीत नेऊन दिलं. त्यातला शेवटचा तुकडा तासभराचा आहे. भाच्याला तो झोपेत चांगला लागतो म्हणे.

बार्बिकन स्टेशनातून बाहेर पडलात की फरशीवरची पिवळी रेघ शोधा. या संकुलात माणसं इतकी हरवत की सभागृहाकडे न्यायला जमिनीवर रेघ ओढावी लागली. रेघ धरून चालत असूनही तुम्ही दोघं चुकता आणि तळ्याच्या भलत्याच अंगाला निघता. समोर सेंट जाइल्स क्रिपलगेट हे जुनं चर्च, आणि चहूबाजूंनी काँक्रीटचे मनोरे. चर्च इतकं एकटं का पडलंय? २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी या भागावर आगलावे बॉम्ब टाकले आणि आसपासची वस्ती, गोदामं, छापखाने जळून गेले. १९५१ साली या क्रिपलगेट वॉर्डात राहणारी माणसं उरली होती ४८. त्या मोकळ्या जागेवर चेंबरलिन, पॉवेल आणि बॉन या तीन वास्तुविशारदांनी हे शहर-आतलं-शहर रचलं. घरं आधी झाली, कलाकेंद्राचं उद्घाटन राणीच्या हस्ते व्हायला १९८२ उजाडलं.

भिंतीला हात लावून बघा. दुरून ही भिंत मळकट आणि कंटाळवाणी दिसते. हाताला मात्र ती दाढी वाढलेल्या गालासारखी लागते. काँक्रीट वाळल्यावर मजुरांनी टोकदार हातोड्यांनी त्याचा वरचा थर टोचून टोचून काढला, म्हणून आतली खडी उघडी पडली आहे. एवढ्या सगळ्या मनोऱ्यांवर, हातानं. आधुनिक, यांत्रिक, निर्दय वगैरे विशेषणं या इमारतीला लावणाऱ्यांनी हे हात कधी मोजलेले नसतात. आत ज्यांना ऐकायला आला आहात त्यांनाही नेमकी हीच विशेषणं लावतात, आणि तिथंही हात असतातच.

फॉयेमध्ये गर्दी आहे. चाळिशी-पन्नाशीचे पुरुष, काळे टी-शर्ट, कमरेला छोट्या पिशव्या, टक्कल आणि व्यवस्थित राखलेल्या दाढ्या. बरेचसे एकेकटे आले आहेत. मधूनच कॉलेजातली मुलं, जी या संगीतानंतर दहा वर्षांनी जन्मली. स्वच्छतागृहांकडे पाहा: रांग पुरुषांच्या दाराशी आहे आणि बायकांचं दार मोकळं. नाट्यगृहात असं दृश्य तुम्ही आयुष्यात पाहिलेलं नाही. यातून या संगीताच्या रसिकवर्गाबद्दल जे काही सिद्ध होतं ते फारसं भूषणावह नाही.

आत सोडायला अजून वेळ आहे. तेवढ्यात आणखी मागे जाऊन येऊ.

सप्टेंबर १९९४. मँचेस्टर, रेकॉर्डचं दुकान. बाहेर पाऊस, आत ओल्या जॅकेटांचा आणि सिगारेटचा वास. तुमच्या हातात एक बारा इंची रेकॉर्ड आहे, 'अँटी ईपी'. तिच्या वेष्टनावर एक चिकटपट्टी आहे, आणि ती फोडल्याशिवाय रेकॉर्ड बाहेर निघत नाही. पट्टीवर बराच मजकूर आहे, औषधाच्या बाटलीवर असतो तसा गंभीर चेहऱ्यानं लिहिलेला.

प्रकरण असं. दोन वर्षांपूर्वी, १९९२ च्या मे महिन्यात, वूस्टरशरमध्ये मॅल्व्हर्नच्या डोंगरांच्या पायथ्याशी कासलमॉर्टन नावाच्या गायरानावर हजारोंच्या संख्येनं तरुण पोरं जमली. भटक्यांच्या गाड्या, ट्रकवर रचलेले स्पीकर, आणि आठवडाभर न थांबणारं संगीत. वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. सरकारनं फौजदारी कायद्याचं नवं विधेयक आणलं आणि त्यात अशा मेळाव्यांसाठी एक कलम घातलं: उघड्यावर, रात्री, शंभर किंवा त्याहून जास्त माणसं, मोठ्या आवाजातलं संगीत असं जमलं तर पोलीस त्यांना हुसकावून लावू शकतात. पण संगीत म्हणजे कुठलं? गावजत्रेतला बँड सुटला पाहिजे आणि पोरं सापडली पाहिजेत. तेव्हा विधेयक लिहिणाऱ्यांनी व्याख्या केली: एकामागून एक येणारे, पुन:पुन्हा तेच ते ठोके ज्याचं मुख्य लक्षण आहे असा ध्वनीही यात धरावा. ब्रिटिश संसदेनं तालाची अशी दखल घेतल्याचं दुसरं उदाहरण निदान मला तरी आठवत नाही.

रॉशडेलच्या दोघांनी त्याला तीन गाण्यांनी उत्तर दिलं. पट्टीवरचा मजकूर सांगतो की यांतल्या दोन गाण्यांत पुन:पुन्हा येणारे ठोके आहेत, म्हणून विधेयक मंजूर झाल्यास ती वाजवू नयेत. तिसरं, 'फ्लटर', असं रचलंय की त्याच्या कुठल्याही दोन आवर्तनांतले ठोके सारखे नाहीत. ते खुशाल वाजवा. तरीही पोलिसांनी त्रास दिला तर ठोक्यांचं वेगळेपण सिद्ध करायला एक वकील आणि एक संगीततज्ज्ञ जवळ ठेवा. नफा 'लिबर्टी' या नागरी हक्कांच्या संस्थेला.

दुकानदार ती टर्नटेबलवर लावतो. तुम्ही लहानपणी शेजारच्या खोलीतून ऐकलेल्या तबल्याच्या शिकवणीवर विसंबून बोटं मोजायला लागता. सम येते, वेळेवर येते, तिथं लबाडी नाही. पण समेकडे नेणारी वाट दर खेपेला निराळी. आणि या सगळ्या कायदेशीर खोडसाळपणावर एक सूर पसरलेला आहे, लांब, उदास, चक्क गोड. निषेधाची गाणी बहुधा त्या निषेधाबरोबर शिळी होतात. हे झालं नाही, कारण चेष्टा पट्टीवर आहे, गाण्यात नाही. दुकानदार वेग पंचेचाळीसवरून तेहेतीसवर आणतो. तेच गाणं जड, झोपाळू होतं, आणि तरीही कायद्याच्या बाहेरच राहतं.

विकत घ्यायची आहे? तुमच्या खिशात २०२२ च्या प्लॅस्टिकच्या नोटा आहेत, दहाच्या नोटेवर जेन ऑस्टिन. १९९४ चा दुकानदार ती उजेडात धरून बघेल आणि पोलिसांना बोलावेल, कुठल्याही नव्या कलमाची गरज न लागता. ठेवून द्या. ३ नोव्हेंबरला विधेयकाचा कायदा होईल.

बार्बिकनमध्ये दारं उघडली आहेत.

पायऱ्या उतरून तुम्ही आत येता. लाकूड, रुंद खुर्च्या. एरवी इथं लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवतो. बसणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या जरा आत. आज रंगमंचावर वादकांच्या खुर्च्या नाहीत, पडदा नाही, नाव लिहिलेलं काही नाही. दोघांसाठी सामान मांडलंय तेवढंच. निवेदक येत नाही. हे तुम्हाला खटकतं. सूत्रसंचालन नसलेला कार्यक्रम मराठी माणसाला सुरू झाल्यासारखा वाटतच नाही.

मग दिवे जातात. नाटकात तिसऱ्या घंटेनंतर जातात तसे नव्हेत. तिथं कुठून तरी रंगमंचाचा उजेड झिरपत असतो आणि शेजारच्याच्या वेफर्सच्या पुडीची चांदी चमकते. हे नुसते जातात. लोक ओरडतात, शिट्ट्या मारतात. बरीच वर्षं हे दोघं असेच वाजवतात, जमेल तितका पूर्ण काळोख करून. कारण विचारलं तर त्यांचं उत्तर साधं आहे: डोळ्यांना काम दिलं की कान कमी काम करतात.

पहिला आवाज नेमका कुठून आला ते सांगता येत नाही. पातळ पत्र्याची घडी मोडल्यासारखं काहीतरी डावीकडून, मग तेच थोडं ओलं होऊन मागून. ताल? थांबा. आधी तुमचं शरीर भांडणार आहे. डोळे उजेड शोधताहेत. बुबुळं मोठी होतात, पण काळोखात दिसण्यासाठी दृष्टिपटलातल्या दंडपेशींना त्यांचं रसायन पुन्हा जमवावं लागतं, आणि त्याला वीस ते तीस मिनिटं लागतात. तोवर मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढतो: राखाडी जाळ्या, सरकणारे ठिपके, कडेला निळसर काहीतरी. आवाज मोठा झाला की ठिपके फुटतात. तुम्हाला खात्री वाटते की रंगमंचावर हालचाल झाली. झालेली नसते.

कोणाचा तरी फोन उजळतो. चौथ्या की पाचव्या रांगेत, कुठल्यातरी क्षुल्लक निरोपासाठी, एक चेहरा हनुवटीकडून निळा दिसतो. चहूबाजूंनी इतक्या जोरानं 'श्श' होतं की तो माणूस फोनवर जवळजवळ झोपतोच. ऑपेराच्या प्रेक्षकांतही एवढा धाक नसेल.

आता खालचे सूर येतात. याला ऐकणं म्हणावं का, हा प्रश्न आहे. सेकंदाला चाळीस कंपनांचा सूर घेतला तर त्याची एक लाट हवेत साडेआठ मीटरहून थोडी लांब भरते, म्हणजे तुमच्यापासून पुढच्या कितीतरी रांगांपर्यंत एकच लाट. ती कानापाशी येऊन थांबत नाही. खुर्चीच्या पाठीतून, फासळ्यांतून, दातांतून जाते. शर्टाचं कापड छातीवर हलतंय हे तुम्हाला जाणवतं. भाचा शेजारी आहे की नाही? हात लांबवून बघावंसं वाटतं. बघू नका, भलत्याच माणसाचा गुडघा हाताला लागायचा.

आणि मग, केव्हातरी, तुम्ही भांडायचं थांबता.

इथं थोडं समजून घेऊ, कारण काळोखात वेळ भरपूर आहे. रंगमंचावर जे चाललंय ते टेप लावून देणं नव्हे. हे दोघं 'मॅक्स' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आपली वाद्यं स्वतः बांधतात. त्याचा पाया मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम या संस्थेत घातला. पडद्यावर छोटे चौकोन असतात, प्रत्येकाला एक काम, आणि चौकोनाला चौकोन तारांनी जोडायचे. हा आकडा मोज, तो अमुक झाला तर ठोका दे, नाही तर त्या दुसऱ्याला विचार. असे चौकोन शेकड्यांनी जोडत गेलं की तालाचा नियम तयार होतो, ताल नव्हे. तबल्यात कायदा मांडला की त्याच्या बोलांतूनच पलटे काढायचे असतात, बाहेरचा बोल आणायचा नाही, आणि तरी चांगला तबलजी तास-तास नवं वाजवतो. हे साधारण तसंच. फरक इतकाच की इथं कायदाही मैफलीत चालू असताना वाकवता येतो, आणि दोघंही एकाच वेळी वाकवत असतात. पंधरासोळा वर्षांचे असल्यापासूनची सोबत. कोण काय करतंय हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही, आणि मला वाटतं तीच मुख्य मौज आहे.

कारण आपल्या मैफलीत आपण किती बघतो याचा विचार करा. परवा पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत दिवाळी पहाट असेल. झेंडूच्या माळा, मागे रांगोळी, गायिकेची पैठणी. ती सुरावर थांबली की आपण तिच्या भुवईकडे बघतो, तबलजी हसला की आपल्याला कळतं की मध्ये काहीतरी अवघड होऊन गेलं. आपली दाद पुष्कळदा त्या हसण्याला असते. पहिल्या रांगेतल्या जाणकारानं मान हलवली की मागच्या चार रांगा हलवतात. मी हे टीका म्हणून म्हणत नाही. गाणारा आणि ऐकणारा एकमेकांना दिसतात म्हणून तर मैफल रंगते, आणि तो रंग खरा असतो.

इथं मात्र शिकवायला कोणी नाही. आत्ता जे वाजलं ते अवघड होतं की चूक होती, तुम्हाला कोणाच्याही चेहऱ्यावरून वाचता येत नाही. तुमची मान हलते आणि ती हललेली कोणी पाहत नाही. तुम्हाला आवडलंय की आवडलंय असं तुम्हाला दाखवायचंय, हा प्रश्न प्रथमच इतका उघडा समोर येतो. मागून कोणीतरी पुरुष घशातून एक 'वोऽ' काढतो, समेला दाद द्यावी तसा, आणि तुम्हाला सम सापडलेली नसते. तुम्हाला त्याचा हेवा वाटतो. मग पाच मिनिटांनी तोच माणूस भलत्या जागी 'वोऽ' करतो.

मधला बराच भाग कंटाळवाणा आहे, हेही सांगून टाकतो. भक्त मंडळी हे कबूल करत नाहीत. घासल्यासारखे, खरवडल्यासारखे आवाज एकमेकांवर चढतात, कुठं जायचं ते ठरत नाही, आणि नियम वाकवणाऱ्यांना नियम हाती लागत नाहीयेत असा तुम्हाला संशय येतो. बहिणीनं फराळाला चकल्या केल्या आहेत हे आठवतं. उद्याचा सामना आठवतो. उठून जावं तर वाट दिसत नाही, आणि पिवळी रेघ काळोखात काय कामाची? तुम्ही बसून राहता. बसून राहावं लागणं हा या संगीताचा एक भाग आहे. घरी तुम्ही हे नक्की पुढे ढकललं असतं.

म्हणून पुढचं घडतं तेव्हा तुम्ही बेसावध असता. खरवडण्याच्या खालून एक सूर वर यायला लागलेला असतो. तो केव्हा सुरू झाला हे तुम्हाला सांगता येणार नाही, कदाचित बराच वेळ असेल. तीन स्वर, एकमेकांत विरघळणारे, आणि त्यांच्या वर ठोके अजूनही वेडेवाकडे पडताहेत, पण आता ते त्या सुरांच्या अंगानं पडताहेत. काहीही बदललेलं नाही आणि सगळं लागलं आहे. १९९४ च्या दुकानात ऐकलेला तो लांब, उदास गोडवा इथं आहे, पण आता त्याला धून नाही, नुसता रंग उरलाय. तुमचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे तुम्हाला पापणीला बोट लावून बघावं लागतं. उघडे आहेत. काळोखही आता तितका काळा नाही, दंडपेशींचं काम झालेलं दिसतं: समोरच्या डोक्यांची कड, छताचा उतार, आणि रंगमंचाच्या जागी दोन अधिक गडद ठिकाणं. ती माणसं असतील. ती फारशी हलत नाहीत. तुम्हाला वाटलं होतं की इतक्या उलथापालथीसाठी बरीच धावपळ लागत असेल.

किती वेळ झाला? तुम्ही अंदाज करता, वीस मिनिटं. मग वाटतं, दोन तास. दोन्ही अंदाज चूक आहेत.

शेवट होतो तो कळसाला नाही. आवाजातून एकेक गोष्ट काढून घेतली जाते. तुम्ही पुढच्या ठोक्याची वाट बघता, तो येत नाही. टाळ्या काळोखातच सुरू होतात आणि दिवे आल्यावर सगळे जण झोपेतून उठल्यासारखे, थोडे ओशाळलेले, आपापले कोट शोधतात. भाचा शेजारीच आहे. त्यानं पूर्ण वेळ मांडीवर घट्ट धरलेला जॅकेटचा हात चुरगळलेला आहे.

फॉयेमधून बाहेर पडेपर्यंत तो बोलत नाही. लंडनमध्ये वाढलेल्या मुलांना असं मौन जमतं. तुम्हाला जमत नाही. "मधे जरा लांबलं, नाही?" तुम्ही म्हणता. तो तुमच्याकडे देवळात चप्पल घालून शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं बघतो. मग हसतो. "लांबलं," तो कबूल करतो.

बार्बिकनच्या प्लॅटफॉर्मवर अर्धी गर्दी तुमच्याच कार्यक्रमातली आहे. अक्सब्रिजची गाडी यायला सात मिनिटं. आता वादाला तोंड फुटतं. भाच्याचं ठाम म्हणणं की शेवटच्या भागात एकही ठोका दोनदा आला नाही, 'फ्लटर'ची गोष्ट ते अजून पाळतात. तुम्ही म्हणता, छे, एक आवर्तन होतं, पक्कं होतं, तुम्ही त्यावर मान हलवत होतात. तो म्हणतो, तू मान कशावरही हलवशील. तुम्ही म्हणता, वकील बोलाव, संगीततज्ज्ञ बोलाव. पुढे या दौऱ्याची रेकॉर्डिंग्ज ते विकायला काढणार आहेत आणि त्यात लंडनही असेल, तेव्हा खरं-खोटं करता येईल. पण हेही तुम्हाला आत्ता सांगता येत नाही.

तेव्हा तुम्ही बाकाच्या लोखंडी दांड्यावर बोटांनी वाजवून दाखवता. भाचा ऐकून घेतो, मान हलवतो, "हे नव्हतंच," म्हणतो आणि स्वतः वाजवतो. त्याचं तुमच्याशी कुठंही जुळत नाही. बाकाच्या टोकाला बसलेले काळ्या टी-शर्टातले एक पन्नाशीचे गृहस्थ कानातले प्लग काढून हे सगळं ऐकत असतात. भाषा त्यांना कळलेली नाही, मुद्दा कळलाय. ते पुढे वाकतात, अतिशय विनयानं माफी मागतात, आणि त्याच दांड्यावर तिसरंच काहीतरी वाजवून दाखवतात.